संपलं म्हणायचं नाही

१७ जून २०२४, सोमवार

आज पारनेरला गेलो नाही. एकोणीस वर्षांत जूनमधला असा सोमवार घरी काढण्याची ही पहिली वेळ. अकरावीला सात मुलं उरली तेव्हा संस्थेने मी शिकवायचो त्या कॉलेजला कुलूप लावलं. अनुदान कधी नव्हतंच. निरोपाचं भाषण मीच केलं, चाळीस मिनिटं. लोक रडले. बोलत असताना मला रडू येत नाही. ते घरी येऊन, मोरीत पाणी सोडून उरकलं.

मला भीती वाटते. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितो आहे. संस्थाचालकांना, देवस्थानच्या विश्वस्तांना, आमदारांना भर सभेत जाब विचारताना ती कधी वाटली नाही. आज सकाळी ज्वारीच्या डब्याचं झाकण उघडताना वाटली.

घरात आम्ही चौघं. बायको सविता सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, सव्वासहाची कंपनीची बस. मुलगी निकिता अकरावीत. आई, राहीबाई, चौऱ्याहत्तरची. आणि मी, श्रीमंत. हे नाव ठेवणाऱ्या आत्याला आज विचारावंसं वाटलं, पण ती नाही.

महिनाअखेरीला पारनेरहून येताना मी चहाची पावडर, निकिताच्या वह्या, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या असं सगळं एका पिशवीत आणायचो. आता पारनेरला जायचं कारणच राहिलं नाही. बसचा पास मात्र खिशात तसाच आहे.

दुपारी ठरवलं की घाबरून बसायचं नाही. सविता कमावते आहे, तर स्वयंपाकघर मी घेतो. तिला सांगितलं तर म्हणाली, "घ्या. फक्त मीठ पुस्तकात बघून टाकू नका."

२० जून

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना माझं धोरण मांडलं. उभा राहूनच मांडलं, बसून मला मुद्दे सुचत नाहीत.

या घरातून अन्नाचा एक कण बाहेर जाणार नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, कोथिंबिरीच्या काड्यांना पानांइतकीच चव असते, उरलेलं वरण थालीपिठाच्या पिठात जातं. दुसरं, प्रत्येक वस्तू आधी निम्मी करून पाहायची. चहाची पावडर निम्मी, तेल निम्मं, गूळ निम्मा. कोणाला फरक कळला नाही, तर निम्मी वस्तू आपण आजवर उगाच वापरत होतो हे सिद्ध झालं. आणि शेवटचं, आजपासून या घरात "संपलं" हा शब्द उच्चारायचा नाही. टंचाई आधी जिभेवर येते आणि मग डब्यात येते. त्याऐवजी काय वापरता येईल ते सांगायचं.

निकिता म्हणाली, "आणि भूक निम्मी कशी करायची, पप्पा?"

सविता ताटाकडे बघत जेवत राहिली.

आईला मात्र शेवटचा नियम मनापासून पटला. "बराबर हाय. आमी कुटं म्हनायचो संपलं? मीठ वाढलं म्हनायचो. संपलं म्हनलं की लक्षुमी ऐकती अन् निघून जाती."

मी म्हटलं, "आई, यात लक्ष्मीचा संबंध नाही. हे अर्थशास्त्र आहे."

"व्हय, मंग तिलाच अर्थशास्त्र म्हन. तिला काय, कशानं बी हाक मार."

आईने बाहत्तरचा दुष्काळ खडी फोडून काढलेला. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सरकारी वाटपाची सुकडी खाऊन राहिली. पर्यायाचं स्वयंपाकघर मला पुस्तकातून कळलं आहे, ती ते जगलेली आहे. तिने तिथल्या तिथे सुपारी सोडत असल्याचं जाहीर केलं. "माझ्याकडनं एवढं," म्हणाली. घरात सगळ्यात आधी त्याग केला तो तिने. मला भरून आलं.

२८ जून

संध्याकाळी निकिताने कांदे चिरून पीठ कालवून ठेवलं होतं आणि कढई घेऊन बसली होती. भजी. मी हादरलो. या घरात भजी म्हणजे आठवड्याचं तेल.

"आज्जीच म्हणाली तेल वाढलंय. मला वाटलं तुम्ही आणलं."

डबा कोरडा होता. आई दारात बसून पदर तोंडाला लावून हसत होती. मी निकिताला समोर बसवलं. बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणतात, दिवा वाढवला म्हणतात, तसंच मीठ वाढलं म्हणजे मीठ उरलं नाही. शेकडो वर्षं टंचाईत राहिलेल्या बायकांनी हा शब्द उलटा करून घेतला, कारण खरा शब्द बोलायची त्यांना भीती होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची भाषा ज्याला कळत नाही, त्याला घर कळत नाही, असं मी तिला म्हणालो.

"टाळ्या वाजवू का?" निकिता म्हणाली.

पिठाची धिरडी केली. कांद्याच्या फोडीने डब्याच्या तळाचा ओशटपणा पुसून तव्याला फिरवला. चांगली झाली.

६ जुलै

टोमॅटोकडे बघायची सोय नाही. आमटीत चिंच, भाजीत आमसूल. तूरडाळ आठवड्यातून दोनदाच, इतर दिवशी हुलगा आणि मटकी. शेंगदाण्याच्या कुटाऐवजी कारळं. हे सगळं जमतं आहे आणि जमतं आहे म्हणून भीती थोडी मागे सरकते.

आजचा शोध मोठा आहे. लोणच्याच्या बरणीच्या तळाशी चार बोटं खार उरलेला असतो. फोडी खाऊन झाल्या की बायका तो ओतून देतात. त्यात मीठ, मोहरी, हळद, हिंग, तिखट सगळं मुरलेलं. आमटीत दोन चमचे घातला की मसाला नको, मीठ नको. शेजारच्या दगडाबाईंना सांगितलं तर त्यांनी त्यांच्या तीन बरण्यांचा खार आणून दिला. वर म्हणाल्या, "सर, तुमी पोरं शिकवायची सोडून आमचा खार का गोळा करताय?" हसत होत्या. मीही हसलो. घरात येऊन मात्र पाच मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिलो.

आईने सुपारी खरंच सोडली आहे. पण रोज सकाळी चहानंतर अडकित्त्याचा कट्ट असा आवाज येतो. मी विचारलं, "काय कातरतेस?" तर सुपारीची चंची मिटत म्हणाली, "काई न्हाई. हाताला सवय हाय." व्यसन तोंडाला नसतं, हाताला असतं. हे वाक्य भाषणासाठी टिपून ठेवतो.

१४ जुलै, रविवार

गावातल्या बचत गटापुढे बोललो. विषय मीच दिला, "उरलेल्या अन्नाचं राज्यशास्त्र". चाळीसेक बायका होत्या. तासभर कोणी उठलं नाही. "संपलं" शब्दावर बंदी घातल्याचं सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. दगडाबाई मागून म्हणाल्या, "सर, भाकरी थापताव का नुसती सांगताव?" मी बाह्या सरसावल्या आणि तिथल्या चुलीवर भाकरी थापून दाखवली. एका बाजूने फाटली, पण फुगली. त्यावर जास्त टाळ्या पडल्या.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून कोणी आबासाहेब म्हणून कार्यकर्ते आले होते. तिकडच्या गटांपुढे बोलायला बोलावलं आहे.

महिन्याभरात पहिल्यांदा मला वाटलं की मी अजून आहे.

२४ जुलै

सविताने आज डबा तसाच परत आणला आणि ओट्यावर ठेवला. परवाच्या वरणाचं थालीपीठ होतं, त्यात भाताचा उरलेला गोळा आणि मेथीचे देठ. दुपारपर्यंत आंबलं असावं.

"मशीनवरच्या बायका माझ्या डब्याची वाट बघतात," ती म्हणाली. "आज काय निघतंय म्हणून."

"चांगलं आहे. कुतूहल ही शिक्षणाची पहिली..."

"हसायला बघतात. मी आठ तास उभी असते. मला साधी पोळी-भाजी द्या, शिळ्याचं भाषण नको."

मी अन्नाच्या नासाडीवर बोललो. जरा जास्तच बोललो, आवाज चढला. आई मधे पडली, "सविता, त्याला बोलू दे. बोलला म्हंजी त्याला बरं वाटतं." याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

सविता त्यानंतर कामापुरतंच बोलते आहे. मीही.

५ ऑगस्ट

अकोल्याहून आज दुपारी परतलो. काल रविवारी तिथे तीनशे बायका होत्या. डोंगरात पाऊस, बाहेर भाताची खाचरं भरलेली, आणि आत पत्र्याखाली मी बोलत होतो. एक सप्टेंबरला नेवाशाला बोलण्याचं आमंत्रणही तिथेच मिळालं. तिथलं सभागृह मोठं आहे म्हणतात.

घरी आलो तर आई ओसरीत आडवी. मान धरून होती. चेहरा लालसर.

"गोळ्या घेतेस ना?"

"गोळ्या वाढल्यात रं बाबा."

म्हणजे मी नसताना सविताने काल सुट्टी बघून तिला डॉक्टरकडे नेलं असणार. मला सांगायची गरजही वाटली नाही. आणि डॉक्टरने काय केलं, तर गोळ्या वाढवल्या. माणूस म्हातारा झाला की वाढव गोळी. आहार कोणी विचारत नाही, पथ्य कोणी विचारत नाही. मी आईला म्हटलं, "या लोकांना माणूस दिसत नाही, नुसतं गिऱ्हाईक दिसतं. अर्ध्या गोळ्या गरजेच्याही नसतात." अर्धा तास बोललो असेन. ती डोळे मिटून ऐकत होती.

शेवटी म्हणाली, "खरं हाय तुझं. तू नको काळजी करू."

सविताशी यावर बोललो नाही. तिने सांगितलं नाही, तर मी का विचारू?

१३ ऑगस्ट

आज फार घाबरलो आहे. नीट लिहिता येत नाही.

सकाळी आई अंगणात वाकून केर काढत होती. सरळ झाली तर ओठावर रक्त. नाकाचा घोळणा फुटला होता. लुगड्यावर, उंबऱ्यावर, माझ्या हातावर रक्त. डोक्यावर पाणी थापलं, कांदा हुंगवला, वीस मिनिटांनी थांबलं.

काल दुपारी बांधावरून मी घोळीची भाजी आणली होती. कुर्डूही. पुस्तकातलं चित्र बघून तोडली. घोळच होती ना ती? जाड पानं, लालसर देठ. पण लालसर देठाचं दुसरं काही असू शकतं. घोळ खाल्ली आणि घोळणा फुटला, हे डोक्यातून जात नाही. शब्दाला शब्द जोडून कारण शोधणं हा अडाणीपणा आहे, हे मी तीस वर्षं व्यासपीठावरून सांगत आलो. आज स्वतः तेच करतो आहे.

पुस्तक घेऊन पुन्हा बांधावर गेलो. तिथे शेळ्या चरून गेल्या होत्या. एक काडी शिल्लक नाही.

आई म्हणाली, "येड्यावानी करू नको. म्या निवडली हाय भाजी माझ्या हातानं. घोळच हुती. ह्ये उन्हाचं हाय." मग हळूच म्हणाली, "सविताला सांगू नको. उगं तुझ्या मागं लागंल."

उंबरा मी स्वतः धुतला. सविता यायच्या आत वाळला. तिला कळलं तर ती स्वयंपाकघर परत घेईल आणि माझ्याकडे काहीच राहणार नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण दुसऱ्या कोणासाठी मी हे लिहीत नाही.

२० ऑगस्ट

रानभाज्या बंद केल्या. भगरीचं जुनं पीठ होतं ते फेकलं, कारण उपवासाच्या दिवसांत भगरीने माणसं दवाखान्यात गेल्याचं दरवर्षी वाचतो. धोरणाविरुद्ध फेकलं. जवसाची चटणी फेकली. कारळ्यांचा वास घेऊन पाहिला, समजलं नाही, तीही फेकली. आता प्रत्येक पदार्थ आधी मी खातो, अर्धा तास थांबतो आणि मगच आईला वाढतो. काही होत नाही. मला काहीच होत नाही. तीच आमटी, तीच भाकरी, तोच खार, आणि तिचं डोकं सकाळी उठल्यापासून मागच्या बाजूने दुखतं.

तिला वेगळं काही दिलं का? काल तिला लोणच्याच्या खारात बुडवून शिळी भाकरी दिली, तिला आवडते म्हणून. बाकी सगळं सारखंच.

अडकित्त्याचा आवाज बरेच दिवस ऐकला नाही. शेवटी हाताची सवयही गेली म्हणायची. सगळं वाईटच चाललेलं नाही.

२६ ऑगस्ट

आईच्या हातून कप निसटला. भिंतीला धरून चालते. निकिताला दोनदा "सविता" म्हणाली. निकिता हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

"पप्पा, आज्जीला डॉक्टरकडे न्यायचं का?"

"नुकतंच नेलं होतं. गोळ्या वाढवल्यात. त्या लागू पडायला वेळ लागतो."

"कोणी नेलं?"

"आईने, तुझ्या."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात दगडाबाई ताक घेऊन आल्या.

मी स्वतःला समजावतो की डॉक्टरने पाहिलं आहे, त्याअर्थी डॉक्टरला माहीत आहे. नेवाशाहून आलो की मी स्वतः तिला घेऊन जाईन. आठवड्याचा प्रश्न आहे. भीती वाटते तेव्हा मी भाषणाची तयारी करतो. आज सहा तास तयारी केली.

२ सप्टेंबर, नगर, दवाखान्याचा व्हरांडा

शनिवारपासूनचं लिहायचं आहे.

शनिवारी सकाळी नेवाशाचं भाषण आईपुढे म्हणून पाहत होतो. सविताला शनिवारची सुट्टी दिली होती, ती आत कपडे वाळत घालत होती. आई पाटावर बसलेली. ती नेहमी माझी पहिली श्रोता. शेवटचं वाक्य मी सगळ्यांकडून म्हणून घेतो, तसं तिला म्हटलं, "म्हण आई, आमच्या घरात संपलं हा शब्द नाही."

ती म्हणाली, "आमच्या घसात... सप..."

मला वाटलं चेष्टा करते. ती करते कधी कधी. मी म्हटलं, "नीट म्हण." तिने पुन्हा तोंड उघडलं आणि नुसता घरघर आवाज आला. डाव्या बाजूचा ओठ हसत होता आणि उजवा हसत नव्हता. उजवा हात मांडीवरून घसरून पाटाखाली गेला. तिने तो हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

तीस वर्षं मी बोलतो आहे. त्या वेळी माझ्या तोंडून सविताचं नावही निघालं नाही. निकिताने हाक मारली.

गावातल्या बजरंगच्या जीपमधून नगर. रस्ताभर सविताने आईचं डोकं मांडीवर धरलं होतं. वेळेत आणलं असं दवाखान्यात म्हणाले. रक्तदाबाचा आकडा डॉक्टरांनी दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा त्यांनाच खरा वाटला नाही.

"बीपीच्या गोळ्या चालू आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं. "महिन्याभरापूर्वीच वाढवल्यात."

"कोणी वाढवल्या?"

मी सविताकडे बघितलं. "तू नेलं होतंस ना? मी अकोल्याला होतो तेव्हा."

"मी कुठं नेलं?" सविता म्हणाली. "गोळ्या तुम्ही आणता. नेहमी तुम्हीच आणता पारनेरहून."

डॉक्टर आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "वाढवल्या असं कोण म्हणालं?"

"आई म्हणाली. गोळ्या वाढल्यात."

हे बोलून झालं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. निकिता बाकावर बसली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटतं तिला माझ्या एक क्षण आधी कळलं.

डॉक्टरांनी घरात असतील ती सगळी औषधं घेऊन यायला सांगितलं. बजरंगबरोबर मी परत गावी गेलो. आईची चंची उशीखाली होती. तीत सुपारीचं एक खांड नाही. अडकित्ता होता. पात्यावर पांढरी भुकटी बसलेली, चुन्यासारखी, पण चुना नव्हे. गोळ्यांची रिकामी पाकिटं नीट घडी घालून ठेवलेली, फेकलेली नाहीत. कागदाच्या एका पुडीत गोळीचा एक चतकोर, तांदळाच्या कणीएवढा. तो तिने का ठेवला असेल? फार वाईट दिवसासाठी ठेवला असेल.

रोज सकाळी चहानंतर मी तो आवाज ऐकला. त्याच्यावर एक वाक्यही सुचलं मला. ते मी अकोल्यात म्हटलं, आणि लोक हसले.

चंची डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. निम्मं करून पाहायचं हा नियम मी घातला, असं त्यांना सांगितलं. त्यांनी खाण्याचं विचारलं. खाराचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, तो खार म्हणजे निव्वळ मीठ," म्हणाले. मग, "आणि या गोळ्या तर तुमच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. कोणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? मी कोणाला बोलू देत होतो?

नेवाशाला कळवलं की येत नाही. कारण विचारलं. खरं कारण सांगितलं.

५ सप्टेंबर

आईला थोडं बोलता येतं. एकेक शब्द, चिखलातून पाय काढावा तसा. ती बोलली तर काय बोलेल याची मला तीन दिवस भीती होती. आज सविता तिला पेज भरवत होती तेव्हा मी विचारलं, "का सांगितलं नाहीस?"

आईने पेज गिळली. "तुझा... जीव... घाबरा झाल्ता," म्हणाली. "मला... दिसत हुतं."

थोड्या वेळाने अजून म्हणाली, "सांगितलं... की."

सांगितलं होतंच. तिच्या भाषेत, निम्मं करण्याचा आणि "संपलं" न म्हणण्याचा, असे माझे दोन्ही नियम पाळून सांगितलं होतं.

मी व्हरांड्यात आलो. सविता मागे आली. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मी पण विचारलं नाही. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला विचारायचं पण राहिलं." मग तिने माझ्या हातात भांडं दिलं. "घासून आणा."

१५ सप्टेंबर

आई घरी आली. उजवा हात अजून उचलत नाही, पाय ओढते. दवाखान्यातून निघताना सांगितलं आहे की असं पुन्हा होऊ शकतं. भीती गेली नाही. पूर्वी ती डब्याच्या झाकणाखाली असायची, आता आईच्या श्वासात आहे. ती झोपली की मी जवळ जाऊन ऐकतो.

खाराच्या बरण्या ओतून दिल्या. दगडाबाई बघत होत्या. त्या बरण्या घेऊन गेल्या आणि धुऊन परत आणून दिल्या.

स्वयंपाक अजून मीच करतो. दोडक्याच्या शिरांची चटणी अजून होते, उरलेल्या भाताला फोडणी अजून पडते, त्यात काही चूक नव्हती. पण आता रोज सकाळी प्रत्येक डबा उघडून मोठ्याने सांगतो. गूळ आहे. तेल थोडं आहे. डाळ संपली. पहिल्या दिवशी "संपली" म्हणताना आवाज फुटला नाही. निकिताने माझ्यासाठी म्हटलं. आई नुसती ऐकते. तिच्या कपाळाला अजून आठी पडते त्या शब्दावर, लक्ष्मी ऐकेल म्हणून.

आरोग्य केंद्रातून गोळ्या आणल्या. तिथली बाई म्हणाली, "सर, तुमचं भाषण ऐकलं होतं मी." मी म्हटलं, "विसरून जा."

११ ऑक्टोबर

दुपारी भाकरी थापत होतो. आई चुलीजवळ पाटावर, डाव्या हाताने गोळ्यांचं पाकीट चाचपत होती. आज ते तिने दोनदा उचललं, ठेवलं.

"काय गं?"

ती ओठ जुळवत राहिली. उजवा ओठ अजून मागे राहतो. मी परातीतले हात तसेच ठेवून थांबलो. मध्ये बोललो नाही, हे मला आता थोडं जमतं.

"गोळ्या," ती म्हणाली. मग डोळे देवळीकडे नेले, लक्ष्मीच्या फोटोकडे, तिची माफी मागत असावी तसे. आणि चौऱ्याहत्तर वर्षांत कधी म्हणाली नसेल ते म्हणाली.

"सं... पल्या."

पाकीट बघितलं. अजून सहा होत्या.

मी पिठाच्या हातानेच चप्पल घातली.